मेणबत्तीची बरणी

काचेच्या बरणीत मेणबत्ती पेटवायची. झाकण बसवायचं, पण वरची तोटी किंचित उघडी ठेवायची. ज्योत विझली की तोटी घट्ट बंद. आत प्राणवायू कमी झालेला, कार्बन डायऑक्साइड वाढलेला. मग बरणी ३७ अंशांच्या उबदार पेटीत. मलेरियाचा सर्वांत घातक परजीवी, प्लास्मोडियम फॅल्सिपेरम, शरीराबाहेर अखंड वाढवण्याची ही युक्ती न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या विल्यम ट्रेगर आणि जेम्स जेन्सन यांनी १९७६मध्ये प्रसिद्ध केली. साध्या हवेतला प्राणवायूच या जिवाला जास्त होत होता.

नव्या औषधाची खरी परीक्षा परजीवी मारण्याची. पण मारायचा तर आधी तो जगायला हवा, तोही धडधाकट. मरतुकडा परजीवी कशानेही मरतो आणि भलतंच रसायन गुणकारी ठरतं. म्हणून त्याचे लाड. पोषकद्रव रोज बदलायचा, तो ज्यांत वाढतो त्या रक्तातल्या तांबड्या पेशी अधूनमधून धुऊन ताज्या पुरवायच्या, काचपट्टीवर थेंब पसरून गिम्सा रंगाने रंगवून बाधित पेशी मोजायच्या. अधिक महिन्यातल्या जावयाचीही एवढी सरबराई होत नसेल. जगभर वापरात असलेला ‘थ्री-डी-सेव्हन’ हा वाण तर अ‍ॅमस्टरडॅमच्या विमानतळाजवळ राहणाऱ्या एका रुग्णाच्या रक्तातून आलेल्या परजीवींचा वंशज.

चाचणीसाठी ९६ खळग्यांची प्लेट घेतात. रसायनाची मात्रा खळग्यागणिक निम्मी करत न्यायची, परजीवी सोडायचे, ७२ तास थांबायचं. मग डीएनएला चिकटून चमकणारा सायबर ग्रीन हा रंग. माणसाच्या पक्व तांबड्या पेशीत केंद्रक नसतं, म्हणून डीएनएही नसतो. जी चमक दिसेल ती परजीवीची. वाढ निम्म्यावर आणणारी मात्रा म्हणजे आयसी-५०. तेवढ्याच मात्रेत माणसाच्या पेशीही मरत असतील, तर ते रसायन तिथंच बाद. टिकलं, तर पुढे उंदरांवर.

हे सगळं इतकं चोख, की त्यावर विसंबायची सवय लागते. पश्चिम कंबोडियात आर्टेमिसिनिन हे मलेरियाचं औषध घेतलेल्या रुग्णांच्या रक्तातून परजीवी लवकर जाईनासे झाले, तेव्हा ७२ तासांची चाचणी मात्र औषध उत्तम असल्याचं सांगत राहिली. खोट वेळेत होती. पेशीत नुकता शिरलेला, अंगठीच्या आकाराचा कोवळा परजीवी औषधाचा मारा निपचित पडून चुकवत होता आणि औषध शरीरात काही तासच टिकतं. २०१३मध्ये चाचणीच बदलली: जेमतेम तीन तासांच्या परजीवींना फक्त सहा तास औषध द्यायचं, धुऊन टाकायचं आणि तीन दिवसांनी वाचलेले मोजायचे. शंभरात एकाहून अधिक वाचला, तर औषधाची डाळ शिजत नाही असं समजायचं.

गोवा मेडिकल कॉलेजात आलेल्या रुग्णांचे फॅल्सिपेरम परजीवी प्रयोगशाळेत वाढवून पाहिले, तेव्हा काही रुळले, काही नाही. निदान प्रयत्न तरी करता येतो. भारतात तितकाच ओळखीचा असलेला मलेरियाचा दुसरा परजीवी, व्हायव्हॅक्स, बरणीत अखंड नांदतच नाही. त्याला अगदी कोवळ्या तांबड्या पेशीच लागतात आणि मोठ्या माणसाच्या रक्तात त्या शंभरात एक-दोन. त्यामुळे त्याची परीक्षा रुग्णाच्या ताज्या रक्तावर, एकाच फेरीत उरकावी लागते. दीड-दोन दिवसांत किती परजीवी पक्व झाले ते मोजायचं आणि पुढच्या रुग्णाची वाट पाहायची.