विधानसभेने दिले, वित्त विभागाने रोखले

4 मे 2020. टाळेबंदीला सहा आठवडे होत आले होते आणि राज्याच्या तिजोरीत येणारा कराचा ओघ आटला होता. त्या दिवशी महाराष्ट्राच्या वित्त विभागाने शासन निर्णय काढला: विकास योजनांसाठी अर्थसंकल्पात जेवढी तरतूद आहे, तिच्यातले फक्त 33 टक्के पैसे त्या वर्षी मिळतील. नवी कामे नाहीत, नवी भरती नाही. आरोग्य, अन्नपुरवठा, मदत व पुनर्वसन यांना प्राधान्य. संकट खरे होते आणि कात्री लावायला कारणही होते. पण दोनच महिन्यांपूर्वी विधानसभेने मंजूर केलेल्या तरतुदींना एवढी मोठी कात्री लागली ती मंत्रालयातल्या एका आदेशाने. त्यासाठी सभागृहात मतदान घ्यावे लागले नाही.

हे कायद्यात बसते का? बहुतांशी बसते, आणि हीच काळजीची गोष्ट आहे.

सरकारी पैशाच्या या प्रश्नाशी खानदेशातल्या फैजपूरचे जुने नाते आहे. डिसेंबर 1936 मध्ये जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन इथे भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावाकडच्या साहित्यातून ‘टिळकनगर’ हे अधिवेशनाचे नगर सजवले, शंकरराव देव आणि धनाजी नाना चौधरी यांनी उभारणीसाठी जिवाचे रान केले. या आठवणी अजून सांगितल्या जातात. त्या मांडवात 1935 चा भारत सरकार कायदा फेटाळणारा आणि घटना समितीची मागणी करणारा ठराव झाला, त्याची आठवण मात्र कमी निघते. त्या कायद्यात प्रांताच्या खर्चाचा मोठा वाटा मतदानाबाहेर ठेवला होता. उरलेल्यात लोकांनी निवडलेल्या सभागृहाने एखादी रक्कम नाकारली, तरी ‘विशेष जबाबदारी’चे कारण देऊन गव्हर्नर ती पुन्हा घालू शकत असे. म्हणजे नको म्हणण्याचा सभागृहाचा अधिकारही अर्धाच होता.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने हे दार बंद केले. अनुच्छेद 203 नुसार अनुदानाची मागणी विधानसभा मंजूर करते, नाकारते किंवा कमी करते, आणि अनुच्छेद 204 नुसार विनियोजनाचा कायदा झाल्याशिवाय संचित निधीतून एक रुपयाही काढता येत नाही. सरकारने जास्त खर्च करू नये याची चौकट पक्की झाली. कमी खर्च करू नये, याची चौकट मात्र कुणी बांधली नाही. विनियोजन अधिनियम खर्चाची परवानगी देतो, आज्ञा देत नाही.

त्यामुळे गावातला रस्ता अर्थसंकल्पाच्या पुस्तकात आला, म्हणजे झाला असे होत नाही. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश अशा पायऱ्या असतात. त्यानंतरही ‘बीडीएस’वर, म्हणजे वित्त विभागाच्या निधी वितरणाच्या संगणक प्रणालीवर, रक्कम दिसेपर्यंत अधिकाऱ्याचे हात बांधलेले असतात. 31 मार्चला न वापरलेला पैसा ‘समर्पित’ होतो. महालेखापालांच्या अहवालात त्याची नोंद ‘बचत’ म्हणून होते. लोकलेखा समिती त्यावर बोलते, पण तोवर वर्षे उलटलेली असतात.

न्यायालयाने हात घातला तो 2022 च्या सत्तांतरानंतर. 30 जूनला एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले आणि जुलैमध्ये आधीच्या सरकारने मंजूर केलेल्या, पण कार्यादेश न निघालेल्या कामांना स्थगिती मिळाली. जिल्हा नियोजन समित्यांची कामेही थांबली. औरंगाबाद खंडपीठात याचिका गेल्या आणि अर्थसंकल्पात येऊन सभागृहाची मंजुरी मिळालेल्या कामांना अशी सरसकट स्थगिती खंडपीठाने मान्य केली नाही. त्याच सुमारास मुंबईत दुसऱ्या एका प्रकरणात उच्च न्यायालयाने असेही म्हटले की, सरकार बदलल्यावर धोरण बदलणे हा लोकशाही प्रक्रियेचाच भाग आहे. रेष नेमकी कुठे, हे म्हणून अजून धूसर आहे. धोरण बदलायचे असेल तर नव्या सरकारने सभागृहात यावे, कारण सांगावे, सुधारित मागण्या मांडाव्यात. स्थगितीचे पत्र हा त्याला पर्याय होऊ शकत नाही.

अमेरिकेत हे भांडण अर्धशतकापूर्वीच पेटले. संसदेने जलप्रदूषण रोखण्यासाठी दिलेले पैसे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी अडवले, तेव्हा 1974 मध्ये कायदाच झाला: पैसा रद्द करायचा तर संसदेला कळवा, 45 दिवसांत संसदेने मान्यता दिली नाही तर तो सोडा. 2025 च्या ऑगस्टमध्ये ट्रम्प सरकारने तिथल्या आर्थिक वर्षाची अखेर तोंडावर आल्यावर सुमारे 4.9 अब्ज डॉलरच्या परदेशी मदतीबाबत असा प्रस्ताव पाठवला, म्हणजे मुदत संपेपर्यंत वर्षच संपावे. सर्वोच्च न्यायालयाने तूर्त ते चालू दिले. कायदा असूनही पळवाट निघते. आपल्याकडे कायदाच नाही.

एक अपवाद महाराष्ट्राच्या वाट्याला आला होता. अनुच्छेद 371(2) विकासखर्चाच्या न्याय्य वाटपाची विशेष जबाबदारी राज्यपालांवर टाकता येते असे म्हणतो. दांडेकर समितीने 1984 मध्ये अनुशेष मोजला, 1994 मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी तीन विकास मंडळे आली, पुढे राज्यपाल निधीवाटपाचे निर्देशही देऊ लागले. खानदेश पडला ‘उर्वरित’मध्ये, मुंबई-पुण्याच्या पंगतीत. अमळनेर तालुक्यातला तापीवरचा पाडळसे प्रकल्प नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून रेंगाळला आणि त्याच्या खर्चाचे आकडे पुन्हा पुन्हा सुधारले गेले. पण सरासरीत पुणे असल्यावर अमळनेरचा अनुशेष दिसणार कसा? 30 एप्रिल 2020 ला मंडळांची मुदत संपली. 2021 च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात त्यांच्या मुदतवाढीची सांगड विधान परिषदेच्या 12 नामनियुक्त जागांशी घातली गेली. सप्टेंबर 2022 मध्ये मंत्रिमंडळाने पुनर्स्थापनेचा निर्णय घेतला, तरी खानदेशासाठी वेगळा विचार त्यात नव्हता.

फैजपूर ज्या यावल तालुक्यात आहे, तिथेच एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. सातपुड्यातल्या पाड्यांवरच्या आश्रमशाळा, वसतिगृहे यांची भिस्त या कार्यालयाकडे येणाऱ्या आदिवासी निधीवर असते. सुखटणकर समितीनंतर 1993-94 पासून महाराष्ट्राने आदिवासी उपयोजनेला वेगळी तरतूद द्यायला सुरुवात केली, पण ती शासनाच्या धोरणाने, कायद्याने नव्हे. मे 2025 मध्ये सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास विभागांचे मिळून सुमारे 746 कोटी रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले, तेव्हा सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनी उघड नाराजी व्यक्त केली. लाभार्थ्यांत त्या समाजांतल्या बहिणीही आहेत, हे सरकारचे म्हणणे खरे आहे. पण आश्रमशाळेची भिंत त्याने बांधून होत नाही.

आंध्र प्रदेशने 2013 मध्ये अनुसूचित जाती-जमाती उपयोजनेचा कायदा केला, कर्नाटकनेही त्याच वर्षी केला. तेलंगणाने 2017 च्या कायद्यात न खर्चलेला निधी पुढच्या वर्षी भरून देण्याची तरतूद केली. महाराष्ट्राने एवढे तरी करावे: न वापरलेला आदिवासी निधी पुढच्या वर्षाच्या तरतुदीत मिळवावा आणि कोणतीही मंजूर रक्कम ठरावीक दिवसांहून जास्त अडवली, तर तिचे कारण पुढच्या अधिवेशनात पटलावर ठेवणे बंधनकारक करावे. असा कायदा करायला राज्यघटना आडवी येत नाही.