ऑनलाइन वर्गातून गोधडी आणि भरतकाम

तंजावर व कुंभकोणम यांच्या दरम्यानचे पापनाशम हे नगर एकेकाळी तंजावरच्या मराठी राज्यात होते. ते राज्य १८५५ मध्ये संपले. तरी त्या परिसरातील काही घरांत मराठी आजही बोलली जाते. गोधडी शिवण्याची कला पूर्वी आजीकडून नातीकडे जात असे. महाराष्ट्रापासून दूर असलेल्या अशा घरांना आता ऑनलाइन वर्गाचा आधार घेता येतो.

मात्र पडद्यावर टाका दिसतो, दोऱ्याचा ताण दिसत नाही. म्हणून शिक्षिका कामाची उलटी बाजू तपासतात काय, हे प्रवेशापूर्वीच विचारावे. गाठी आणि सैल टाके तेथेच उघडे पडतात. धारवाडच्या कसुतीतील गवंती टाका तर गाठ न मारता दोन्ही बाजूंनी सारखाच उमटावा लागतो.

आरंभ जुन्या सुती साडीच्या वीतभर चौकोनावर, धावदोऱ्याने करावा. थर आधी कच्च्या टाक्यांनी जोडावेत, म्हणजे ते सरकत नाहीत.

हात बसल्यावर विक्रीचा विचार करावा. भांडवलासाठी मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात ५०,००० रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळू शकते. परंतु त्यापूर्वी एका गोधडीचा संपूर्ण खर्च, स्वतःच्या मजुरीसह, वहीत अवश्य मांडावा.