वंगणव्यवस्था, शर्यतीच्या मोटार-एंजिनाची

नेहमीच्या वापरासाठी बनविलेल्या मोटारगाडीच्या एंजिनात शक्तिवाढीसाठी फेरबदल केल्यावर त्याच्या फिरत्या व सरकत्या भागांना तेलाचा अखंड पुरवठा व्हावा म्हणून मूळ वंगणव्यवस्थेत सुधारणा कराव्या लागतात. पंपाचा दाब वाढविला की हे काम होते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अपुरी आहे. तेल पंपापर्यंत सतत पोहोचणे, ते हवाविरहित व योग्य तापमानाचे असणे आणि सर्वाधिक भार असलेल्या धारव्यांना ते प्रथम मिळणे, या गोष्टी दाबाइतक्याच महत्त्वाच्या आहेत. यांपैकी एकीतही उणीव राहिल्यास पूर्ण वेगात असलेले एंजिन काही सेकंदांत निकामी होऊ शकते.

तत्त्व : भुजादंड (क्रँकशाफ्ट) व त्याचे धारवे यांच्यामध्ये तेलाचे पातळ पटल असते. इंग्लंडमध्ये बोशां टॉवर यांनी १८८३ मध्ये केलेल्या प्रयोगांतून या पटलात मोठा दाब निर्माण होतो असे दिसून आले व ऑझ्बर्न रेनल्ड्झ यांनी १८८६ मध्ये त्याची गणिती उपपत्ती मांडली. भार पेलणारा हा दाब दंडाच्या फिरण्यामुळे निर्माण होतो आणि तो पंपाच्या दाबाच्या अनेक पटींनी जास्त असतो. पंपाचे काम धारव्यातील फट सतत भरलेली ठेवणे एवढेच असते. दट्ट्या व संयोग दांडा यांच्या निरूढीमुळे येणारा भार वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे वेग दर मिनिटाला ५,००० फेऱ्यांवरून ७,००० वर नेल्यास हा भार जवळजवळ दुप्पट होतो आणि पटल क्षणभर जरी तुटले, तरी धातूवर धातू घासून धारवा वितळू लागतो. नंतर संयोग दांडा तुटून एंजिनाच्या ठोकळ्याला भोक पाडण्याचीही शक्यता असते.

तेलाचा साठा : बहुतेक मोटारींत तेल एंजिनाच्या तळाच्या पात्रात साठविलेले असते. या पात्राला संप व कारागिरांच्या भाषेत चेंबर म्हणतात. गाडी वळणावर असताना तिच्यावरील पार्श्विक प्रवेग गुरुत्वीय प्रवेगाएवढा झाल्यास तेलाचा पृष्ठभाग ४५° कलतो. तेल एका बाजूस चढते, शोषनळीचे तोंड उघडे पडते व पंप तेलाऐवजी हवा ओढतो. जोराने ब्रेक लावल्यावरही असेच घडते. म्हणून संपात शोषनळीभोवती आडपडदे बसवितात आणि त्यांना केवळ आतील बाजूस उघडणारी बिजागरीची दारे ठेवतात. तेल आत येते पण बाहेर जाऊ शकत नाही. भुजादंडाखाली बसविलेला जाळीदार पत्रा तेलाचे घुसळणे कमी करतो. त्यामुळे तेलात हवा कमी मिसळते व वाया जाणारी थोडी शक्तीही वाचते.

तेलमार्ग : तेल कोणत्या क्रमाने कोठे जाते, यावर धारव्यांचे आयुष्य अवलंबून असते. अमेरिकेतील फोर्ड कंपनीच्या ७ लि. क्षमतेच्या '४२७' या एंजिनाच्या आरंभीच्या ठोकळ्यात तेल प्रथम कॅमदंड व झडपांच्या यंत्रणेकडे आणि नंतर भुजादंडाकडे जात असे. १९६५ मध्ये आलेल्या नव्या ठोकळ्यात बाजूने स्वतंत्र तेलवाहिनी काढून हा क्रम उलट करण्यात आला. हा 'साइड-ऑइलर' ठोकळा त्यामुळेच नावाजला.

भुजादंडातील भोकांची दिशाही महत्त्वाची असते. भोक दंडाच्या अक्षातून आरपार पाडलेले असल्यास तेलाला परिघाकडून अक्षाकडे, म्हणजे केंद्रोत्सारी प्रेरणेच्या विरुद्ध, जावे लागते. धारव्यातील दंडाची त्रिज्या ३० मिमी. असल्यास ७,००० फेऱ्यांना केवळ या कारणासाठी दर चौ. सेंमी.ला सु. २ किग्रॅ. दाब खर्ची पडतो; ३,५०० फेऱ्यांना तो सु. ०·५ किग्रॅ. एवढाच असतो. यावरून सावकाश चालताना निर्दोष वाटणारे एंजिन शर्यतीत का बिघडते, हे स्पष्ट होते.

पंप व दाब : दर १,००० फेऱ्यांमागे दर चौ. इंचास १० पौंड (दर चौ. सेंमी.ला सु. ०·७ किग्रॅ.) दाब असावा, असा ठोकताळा अमेरिकी कारागिरांत रूढ आहे. धारव्यांतील फट वाढविली असल्यास तेल अधिक वाहून जाते व मोठ्या क्षमतेचा पंप लागतो. मात्र असा पंप संपातील तेल वेगाने वर पाठवितो. सिलिंडर-शीर्षातून ते तितक्याच वेगाने परत न आल्यास संप रिकामा होतो. पंप फिरविणाऱ्या दंतचक्रांवरील भार व शक्तीचा खर्चही वाढतो. म्हणून पंप बदलण्यापूर्वी तेल परत येण्याचे मार्ग मोकळे करणे व संपाची धारणक्षमता वाढविणे आवश्यक असते.

तापमान : तापलेल्या तेलाची श्यानता कमी होते व पटल पातळ होते. यासाठी तेल-शीतक बसवितात. त्याबरोबर तापनियंत्रक झडप हवी, कारण अतिथंड तेलही जड वाहते. शीतकाच्या नळ्या अरुंद असल्यास त्यांतच दाब खर्च होतो.

कोरडा संप : या पद्धतीत संपात जमणारे तेल निराळे पंप लगेच खेचून उंच टाकीत नेतात. तेथे त्यातील हवा सुटते व दाबपंप टाकीच्या तळातून तेल घेतो. खेचणारे पंप तेलाबरोबर हवाही ओढत असल्याने त्यांची एकूण क्षमता दाबपंपापेक्षा जास्त ठेवावी लागते. संप उथळ झाल्याने एंजिन खाली बसविता येते व गाडीचा गुरुत्वमध्य खाली येतो. १९६७ मध्ये फॉर्म्युला वन शर्यतीत उतरलेल्या कॉझवर्थ डीएफव्ही एंजिनात हीच पद्धत होती. पोर्शे ९११ व २००६ सालची शेव्हरोले कॉर्व्हेट झी-०६ या विक्रीसाठीच्या गाड्यांतही ती वापरण्यात आली. ती खर्चिक असल्याने मध्यम मार्ग म्हणून दाबसंचायक वापरतात. त्याच्या नळकांड्यात सरकत्या दट्ट्याच्या एका बाजूस दाबाखालील हवा व दुसऱ्या बाजूस तेल असते. पंपाचा दाब घसरताच हे तेल धारव्यांकडे जाते. मात्र हा पुरवठा थोडाच वेळ टिकतो.

तपासणी : साध्या गाडीतील इशारादिवा फार कमी दाबाला पेटतो. ७,००० फेऱ्यांना तो पेटेपर्यंत धारव्याची हानी झालेली असते. म्हणून दाबमापक व तेल-तापमापक बसवून वळणावरील दाबाची नोंद घेतात. शर्यतीनंतर तेलगाळणी कापून तिच्यात धातूचे कण आहेत का, हेही पाहतात. दाब केवळ वळणावरच घसरत असल्यास दोष सामान्यतः संपात वा शोषनळीत असतो, तर तेल तापल्यावर सर्वत्र घसरत असल्यास श्यानता, धारव्यांतील फट किंवा पंप यांकडे लक्ष द्यावे लागते. हे निदान झाल्यावरच कोणता भाग बदलावयाचा ते ठरविणे श्रेयस्कर असते.