नारू गेला, नावाची गोष्ट राहिली

मंडळी, घरात सत्तरीचं माणूस असेल तर त्याला एकदा 'नारू' म्हणजे काय ते विचारून बघा. घोट्यापाशी फोड यायचा, आग आग व्हायची. पाय पाण्यात बुडवला की फोड फुटायचा अन् पांढऱ्या दोऱ्यासारखं टोक डोकवायचं. ते काडीला गुंडाळून रोज थोडं थोडं ओढायचं. घाईत तुटलं तर पाय सुजून पिकायचा आणि ऐन कामाच्या दिवसांत माणूस खाटेवर.

हा दोरा शीर की किडा, हाच मोठा घोळ होता आणि तो नावांतही उतरला. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत हा रोग 'स्नायुक' म्हणून येतो. अरबी वैद्य त्याला 'मदिनेची शीर' म्हणत. युरोपच्या लोकांना तो आफ्रिकेच्या गिनी किनाऱ्यावर दिसला, म्हणून इंग्रजीत 'गिनी वर्म'. स्वीडनच्या लिनियस यांनी १७५८ मध्ये त्याची किडा म्हणूनच नोंद केली. नाव दिले 'गॉर्डियस मेडिनेन्सिस'. डबक्यात केसासारखे वळवळणारे लांब किडेही त्यांनी याच गटात घातले होते. पण दिसायला सारखे म्हणून भाऊबंद थोडेच होतात? पुढच्या अभ्यासकांनी नारूला आधी 'फायलेरिया' आणि शेवटी 'ड्रॅकन्क्युलस', म्हणजे 'छोटा ड्रॅगन', या गटात नेले. 'मेडिनेन्सिस' मात्र कायम राहिले. गट बदलला तरी जातीचे पहिले नाव राखायचे, हा शास्त्राचा रिवाज.

आता बघा, नावात मदिना आली, गिनी आली. खरं मूळ मात्र आपल्या घागरीत होतं! १८७० च्या सुमारास रशियन संशोधक फेडचेन्को यांनी मध्य आशियात दाखवून दिले, की नारूची पिल्ले पाण्यातल्या सायक्लॉप्स या बारीक जीवात वाढतात. ते पाणी पोटात गेलं की साधारण वर्षभराने नारू बाहेर. तोच पाय पायविहिरीत बुडला की पुन्हा पहिल्यापासून सुरू.

यावर ना लस होती, ना नारू मारणारं औषध. पाणी फडक्याने गाळा, पायविहिरीत उतरू नका, हातपंपाचं पाणी प्या, एवढ्यावर देशाने लढाई जिंकली. महाराष्ट्रही नारूग्रस्त राज्यांत होता. देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त ठरवला.

आफ्रिकेत मात्र २०२३ मध्येही माणसांत १४ रुग्ण नोंदले गेले. तेव्हा घागरीवरचं फडकं जुनाट म्हणून हसू नका. नारूला आपल्याकडे त्यानंच अडवलं.