थरथर न विचारणारे ३९ प्रश्न

मामांना शर्टाचं वरचं बटण लावायला सकाळी दहा-दहा मिनिटं लागतात. मामी पुढे झाल्या की ते त्यांचा हात बाजूला सारतात. पार्किन्सनचं निदान होऊन सहा वर्षं झाली. डॉक्टरांच्या हिशेबात ते अजून दुसऱ्या टप्प्यात आहेत. म्हणजे लक्षणं अंगाच्या दोन्ही बाजूंना, पण तोल शाबूत. मार्गारेट होएन आणि मेल्विन यार यांनी १९६७ साली मांडलेले हे पाच टप्पे आजही जगभर वापरतात. आजार किती पुढे सरकला, हे त्यातून चांगलं कळतं. पण मामा दोन वर्षांत एकाही लग्नात जेवायला थांबलेले नाहीत, हे त्यात कुठे दिसणार?

ऑक्सफर्डच्या व्हिव पेटो, क्रिस्पिन जेन्किन्सन, रे फिट्झपॅट्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे शोधण्यासाठी आधी रुग्णांनाच बोलतं केलं. या आजारानं तुमच्या रोजच्या जगण्यात काय काय अडतं? त्या गप्पांमधून प्रश्न निघाले, त्यांना चाळण लागली आणि १९९५ साली 'पीडीक्यू-३९' ही प्रश्नावली प्रसिद्ध झाली. प्रश्न गेल्या महिन्याभरातले. उत्तरं पाच, 'कधीच नाही'पासून 'नेहमी'पर्यंत, आणि त्यांना शून्य ते चार गुण.

ती पहिल्यांदा वाचली तेव्हा मी एका जागी अडलो. आपण या आजाराला कंपवात म्हणतो, नावातच कंप आहे, आणि ३९ प्रश्नांत हात थरथरतो का, असा एकही प्रश्न नाही! बटणं लावता येतात का, अक्षर नीट काढता येतं का, पेला न सांडता धरता येतो का, हे मात्र आहे. पडण्याची धास्ती वाटते का, हेही आहे. थरथर डॉक्टरांना समोर दिसतेच. तिच्यापायी काय सुटलं, ते रुग्णालाच ठाऊक असतं.

प्रश्नांचे आठ गट आहेत. हिंडण्या-फिरण्याचे दहा, मनःस्थितीचे सहा, आणि मला सर्वांत मोलाचे वाटतात ते संकोचाचे चार: आजार लपवावासा वाटला का, चारचौघांत खाणंपिणं टाळलंत का, लोकांत ओशाळल्यासारखं झालं का, लोक काय म्हणतील याची काळजी वाटली का. मामांना हे चार मी सहज मराठीत विचारले. १६ पैकी ११ गुण आले. प्रत्येक गटाचे गुण शंभरात मांडतात आणि आकडा जितका मोठा तितका त्रास जास्त. मामांचा आकडा झाला ६९. चालण्याफिरण्याचे प्रश्न विचारले असते तर तो यापेक्षा कितीतरी कमी आला असता.

अशा आकड्यांवर मोठे निर्णय होतात. मेंदूत विद्युतअग्रं बसवण्याची शस्त्रक्रिया तुलनेनं लवकर करावी का, हे जर्मनी आणि फ्रान्समध्ये २५१ रुग्णांवर तपासलं गेलं. २०१३ साली निष्कर्ष आले, तेव्हा मुख्य कसोटी हीच प्रश्नावली होती. दोन वर्षांनी शस्त्रक्रिया झालेल्यांचा आकडा सरासरी ७.८ गुणांनी उतरला होता आणि नुसत्या औषधांवर असलेल्यांचा जवळपास तिथेच होता. जगण्याची प्रत कशानं घसरते, याचा शोध घेणाऱ्या अभ्यासांत तर नैराश्य पुन्हापुन्हा वरच्या क्रमांकावर येतं. तरीही आपल्याकडे तपासणीच्या खोलीत 'मन कसं आहे?' हे विचारायचं बहुधा राहूनच जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

उणिवा आहेतच. औषधाचा अंमल असताना माणूस वेगळा आणि तो उतरल्यावर वेगळा असतो. महिन्याभराच्या एका उत्तरात हे चढउतार पुसले जातात. शिवाय मूळ प्रश्न इंग्रजांच्या ताटावरचा, जेवताना अन्न कापता येतं का, असा आहे. आपल्याकडे भाकरी मोडता येते का, वरणभाताचा घास तोंडापर्यंत नीट जातो का, साडीच्या निऱ्या काढता येतात का, असंच विचारायला हवं.

'चारचौघांत खाणं टाळलंत का?' या प्रश्नावर मामा आधी 'कधीच नाही' म्हणाले होते. मामी काहीच बोलल्या नाहीत, नुसत्या पदराशी चाळा करत राहिल्या. मग मामाच खाली बघत म्हणाले, ''नेहमी लिही. अरे, मठ्ठ्याची वाटी उचलायची असते ना तिथे.''