सायकलला दिवा घेताना आधी मागचा पाहा

रात्रपाळीला जाणारे वॉचमन, पहाटे पेपर नि दूध टाकणारी मुले, दुसरी पाळी संपवून परतणारे कामगार. आपल्या वस्तीतील अनेक घरांचे पोट सायकलवर चालते. दिवा घ्यायची वेळ आली की आपण पुढचा जोरदार दिवा शोधतो. खड्डा दिसायला तो हवाच. पण मागून येणाऱ्या गाडीला आपण दिसणे, हा त्याहून मोठा प्रश्न आहे.

ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे येते. चालकाने आपल्याला पाहून ब्रेक दाबेपर्यंतच एखादा सेकंद जातो. गाडी थांबायला त्यापुढे आणखी अंतर लागते. म्हणून आपण दुरूनच दिसायला हवे. मडगार्डवरचा रिफ्लेक्टर काढू नका. पण त्याच्यावर गाडीचा उजेड पडला तरच तो चमकतो. लाल दिवा स्वतःच उजेड देतो.

पैसे थोडे असतील तर आधी मागचा लाल दिवा घ्या. तो सीटखालच्या दांड्याला किंवा कॅरिअरच्या मागे लावा. डबा, पिशवी किंवा शर्टाने तो झाकला जाऊ नये. चालणार असेल तर एकसारखा जळणारा ठेवा. नुसत्या लुकलुकीवरून सायकल किती दूर आहे याचा अंदाज घेणे अवघड जाते.

पुढचा दिवा पांढरा हवा. रस्त्यावर खांबाचे दिवे असतील तर साधाही पुरतो. अंधाऱ्या रस्त्यासाठी खोक्यावर २०० ल्युमेनच्या आसपास आकडा पाहा. त्याचा झोत खाली रस्त्यावर पडू द्या, समोरच्याच्या डोळ्यांत नको. जुना डायनॅमो चालतो, पण सायकल थांबली की दिवा विझतो. म्हणून मागे सेलचा दिवा असू द्या. मोबाईलचा टॉर्च हातात धरून चालवू नका, ब्रेकला हात उरत नाही.

पायडलला रेडियमची पट्टी चिकटवा. वरखाली हलणारी चमक पाहून पुढे सायकल आहे हे चालकाला लगेच कळते.

आज रात्री घरातील कोणाला तरी सायकल धरून उभे करा आणि पन्नास पावले मागे जाऊन पाहा. दिवा मंद वाटला तर सेल बदला किंवा चार्ज करा, आणि मगच कामाला निघू द्या.