जुन्या यंत्रास नवा मेंदू

केरीतील एका माउलीने मिस्सेनंतर आम्हांस विचारले, “फादर, थोरल्याला खेळांसाठी नवा संगणक हवा. बाप जहाजावर राबतो. काय करू?” आम्ही घरी गेलो. चित्राचा बारकावा उतरवूनही खेळाची गती वाढेना. म्हणजे दोष ग्राफिक्स कार्डाचा नव्हे, २०१७ सालच्या रायझन प्रोसेसरचा. मदरबोर्ड एएम४ खाचेचा निघाला. त्याच खाचेत २०२२ सालचा, सहा गाभ्यांचा रायझन ५ ५६०० बसतो. बोर्डनिर्मात्याच्या यादीत तसे नमूद होते. त्याच वर्षीचा ५८००एक्स३डी ९६ मेगाबाइट कॅशमुळे खेळांत सरस खरा, पण महाग आणि अधिक तापणारा. मुलाचा डोळा त्यावरच! जुना प्रोसेसर काढण्यापूर्वी बायोस अद्ययावत करावे लागते. त्या वेळी वीज गेल्यास बोर्ड निकामी होऊ शकतो. पाऊस आहे, म्हणून काम निरभ्र सकाळी ठेवले आहे.